पाचव्या वळणावरचं घर

"पुन्हा!" दादाने फोन टेबलावर पालथा टाकला. "पुन्हा पुढे ढकलला!"

मी पडद्याला अस्तर लावत होते. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून विचारलं, "आता कधी म्हणतात?"

"'तयार झाल्यावर.' बस. तारीखच काढून टाकली शहाण्यांनी. आधी हिवाळा म्हणाले, मग उन्हाळा, मग पुढचा हिवाळा. आता ऋतूच संपले त्यांच्याकडचे."

बाबा खिडकीपाशी बसले होते, भिंतीकडे तोंड करून. रुसून नव्हे. बाबांना हल्ली काही बघायचं असलं की दुसरीकडे बघावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, नजरेच्या मधोमध एक डाग धरलाय, तो वाढत जाणार, कडा मात्र शाबूत राहतील. तेव्हापासून बाबा जग कडेने बघतात. माझा चेहरा बघायचा तर माझ्या खांद्यापलीकडे, आणि खिडकीतला रस्ता बघायचा तर भिंतीकडे.

"इतकं ओरडू नकोस रे," बाबा भिंतीला म्हणाले. "बसला उशीर झाला की लोक माझ्यावर ओरडायचे. रस्ता काय मी खणलेला असायचा?"

"बाबा, तुमची बस उशिरा का होईना, यायची तरी!"

बाबा हसले. दादा हसला नाही. तो दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवतो. "घाई नको, घड्याळ बघू नका, गाडी कुठे पळून जात नाही," हे वाक्य त्याच्या तोंडून दिवसातून इतक्यांदा निघतं की घरी येईतो त्याच्यातला सगळा धीर खर्च झालेला असतो.

ज्याची वाट बघत आम्ही असे सुकत होतो, तो एक शर्यतीचा गेम होता. त्याचं खरं नाव परक्या भाषेतलं, जिभेला वेढे घालणारं. आमच्या घरात त्याला 'डोंगरवाट' म्हणत.

आम्ही लहान होतो तेव्हा बाबा कारखान्याची बस चालवायचे. त्यांच्या सोबतीचा एक मेकॅनिक घर बदलत होता, त्याने टीव्हीला जोडायचं ते जुनं यंत्र आम्हाला देऊन टाकलं. दोन रिमोट, त्यातल्या एकाचं बटण अडकायचं. गेमही एकच. एक निळी, खोक्यासारखी गाडी आणि डोंगरातून वळत जाणारा रस्ता. वरच्या कोपऱ्यात आकडे उतरत असायचे, प्रत्येक कमानीखालून गेलं की थोडे वाढायचे, आणि शून्यावर आले की खेळ खलास.

दिवसभर खरी बस एका ओरखड्याविना चालवणारे बाबा त्या खोट्या डोंगरात पहिल्याच खडकावर आपटायचे. दादा लोळून हसायचा. "बाबा, कारखान्यातले लोक जिवंत घरी जातात ना?"

बाबांच्या डाव्या हाताला आईची वेताची खुर्ची. आईने रिमोट कधी हातात धरला नाही. तिच्या मांडीवर मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप नाहीतर बटणं लावायचा शर्ट. पण आम्हा तिघांच्या आधी रस्ता पाठ झाला तो तिलाच. आम्ही "डावीकडे, डावीकडे!" म्हणून कालवा करायचो, तो तिला सहन होईना. मग तिने वळणं ओवीत बांधली. शेंगा सोलता सोलता म्हणायची,

*पहिलं वळण गं, उजव्या हाती खडक,*
*हळू रे सारथ्या, नको जाऊ तडक.*

*दुसरं वळण गं, पुलाखाली पाणी,*
*डावीकडे घे रे, मग कर मनमानी.*

आईचा सूर आणि बाबांचे अंगठे यांचं असं काही जुळलं की गाडी खडकाला शिवेना. आई श्वास घ्यायला थांबली तर बाबांचा वेग उतरायचा. आणि पाचव्या वळणाशी आईचा आवाज हमखास हळुवार व्हायचा.

*पाचवं वळण गं, तळ्याकाठी घर,*
*तांबड्या कौलांचं, थांब क्षणभर.*

तिथे खरंच एक तळं होतं. निळा पट्टा, बस. आणि त्याच्या काठावर लाल ठिपके, चार असतील नसतील. ते घर आहे हे आईनेच ठरवलं होतं.

"थांबा ना जरा," ती म्हणायची. "कोण राहतं बघू या."

"आई, वेळ संपेल!" दादा किंचाळायचा.

"पुढच्या खेपेला," बाबा म्हणायचे, नजर पडद्यावरून न हलवता.

"मग निदान हॉर्न तरी वाजवा. कोणी येऊन गेलं एवढं तरी कळेल त्यांना."

हॉर्नचं बटण होतं, पण शर्यतीत हॉर्न कशाला वाजवायचा? गाडी भुर्रकन पुढे, तळं मागे, आईच्या हातात पुढची शेंग.

अशा किती खेपा झाल्या. मग दादा मोठा झाला, मीही झाले, यंत्र माळ्यावर गेलं. आणि एका वर्षी पानं गळायच्या सुमारास आई गेली. वेताची खुर्ची रिकामी बघवेना, म्हणून मी तिच्यावर माझे शिवायचे पडदे ठेवायला लागले. ढीग उंच झाला की बरं वाटायचं.

त्यानंतर नवी पालवी फुटली तेव्हा दादा फोन नाचवत घरी आला. डोंगरवाट नव्याने येणार होती. दोन मिनिटांचं हलतं चित्र होतं ते, जाहिरातीचं. तोच रस्ता, तोच खडक, तोच पूल, पण आता झाडाला पानं होती आणि पाण्याला लाटा. पाचव्या वळणावर गाडी हळू झाली आणि आम्ही तिघांनी श्वास रोखून धरला. घर होतं. खरंखुरं, तांबड्या कौलांचं, दाराशी पायरी असलेलं. खाली अक्षरं उमटली, 'या वेळी हवं तिथे थांबा.'

बाबांनी ते चित्र किती वेळा लावायला सांगितलं, विचारू नका. मग चष्मा पुसत म्हणाले, "येऊ दे. या खेपेला थांबू."

त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यातला डाग मिरीएवढा होता. गेम येईपर्यंत टिकतील डोळे, असं आम्ही धरून चाललो. पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा डाग बोराएवढा झाला होता. दुसऱ्यांदा गेली तेव्हा लिंबाएवढा. आता बाबा म्हणतात, समोर बशी धरल्यासारखं वाटतं.

दादा गेमवेड्यांच्या एका ग्रुपमध्ये होता. तिथे सगळे आमच्यासारखेच पोळलेले. एकाने लिहिलं होतं, 'गेम जाहीर झाला तेव्हा माझं लग्न ठरत होतं. आता पोरगा चालायला लागला, गेम अजून रांगतोय.' दुसरा एक त्या दोन मिनिटांच्या चित्रातले ढग तपासत बसायचा, त्यातून तारीख कळेल म्हणून. मला वाचून हसू यायचं. दादा मात्र तिथे आग ओकायचा.

त्या संध्याकाळीही त्याने फोन उचलला आणि अंगठ्यांनी ठोकायला लागला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचतही होता. "कामचुकार... लोकांच्या भावनांशी..."

"कोणाला घालतोयस शिव्या?" बाबांनी विचारलं.

"कंपनीला."

"कंपनीला कान असतात होय? तिथे कोणीतरी पोरगा त्या तळ्याच्या लाटा काढत बसला असेल. त्याच्या कानात जाणार त्या."

"मग काढाव्या ना पटापट!" दादाचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "बाबा, मला गेमचं काही पडलेलं नाही हो. मी नाही खेळलो तरी चालेल. पण तुमचे डोळे... त्यांना काय माहीत इथे काय चाललंय? ते म्हणतात, थोडा धीर धरा. कुठून धरू? तुम्हाला ते घर दाखवायचं होतं मला. नीट, दाराच्या पायरीसकट."

माझ्या हातातली टाचणी अस्तरात जायची ती बोटात गेली.

बाबांनी मान फिरवली. आम्हाला बघायचं होतं, म्हणून आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "भिंगरे, ते जुनं यंत्र टाकलंस की आहे?"

भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी ठरायचे नाही म्हणून.

"माळ्यावर आहे. कापडाच्या चिंध्यांखाली."

"मग काढ की. तारीख बदलणार नाही त्याची."

काढलं, पण आमच्या नव्या टीव्हीला त्या जुन्या वायरी लावायला भोकंच नव्हती. दादा अर्धा दिवस वायर हातात धरून टीव्हीच्या मागे, सुनेची पारख करायला आल्यासारखा वाकून बघत होता. शेवटी त्याला आठवलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या अडगळीत एक जुना पोट सुटलेला टीव्ही पडलाय, नवशिक्यांना रस्त्यावरच्या खुणा दाखवायचा. रविवारी दुपारी तो आणि स्कूलचा पहारेकरी दोघे मिळून, "हळू, हळू, उजवीकडे घ्या," करत तो वर घेऊन आले.

टीव्ही मांडला तो जुन्याच जागी. बाबा आपल्या जागेवर बसले. समोर बघितलं आणि म्हणाले, "बशी."

मग त्यांनी टीव्हीचा पडदा कडेने सापडावा म्हणून मान वळवायला सुरुवात केली. उजवीकडे वळवून बघितली, जमेना. डावीकडे वळवली, थोडी आणखी वळवली आणि थांबले.

"हं. आता दिसतंय. निळं काहीतरी हलतंय."

त्यांचं तोंड सरळ आईच्या खुर्चीकडे होतं.

मी पुढे झाले आणि खुर्चीवरचा पडद्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला. का, ते मला कोणी विचारलं नाही. वेताला मधे खोलगट आकार आला होता, तो तसाच होता. मी खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले.

"वळणं कोण सांगणार?" दादाने विचारलं.

दोघेही माझ्याकडे बघत होते. एक समोरून, एक कडेने. मी म्हटलं,

*पहिलं वळण गं, उजव्या हाती खडक...*

बाबांचे अंगठे हलले. गाडी खडकाला वळसा घालून गेली. माझ्या अंगावर शहारा आला, आणि त्याच भरात दुसऱ्या वळणाला मी "उजवीकडे घे रे" म्हणून बसले. निळी गाडी थेट पुलावरून पाण्यात.

"आई डावीकडे म्हणायची," दादा म्हणाला.

"तुझी आई एकदाही चुकली नाही," बाबा म्हणाले. "ही बुडवणार सगळ्या कारखान्याला."

आणि आम्ही हसायला लागलो. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी तिघांचं हसणं एकदम झालं. पुन्हा सुरुवात केली. पहिलं वळण. दुसरं, डावीकडे. तिसऱ्याची ओळ मला आठवेना, तर दादाने ती उचलली, तोच दादा जो आईच्या ओव्यांना कानांवर हात ठेवायचा. चौथ्याला आम्ही दोघे बरोबर होतो. माझा श्वास चुकला की बाबांचा वेग उतरत होता, अगदी तसाच.

*पाचवं वळण गं, तळ्याकाठी घर,*
*तांबड्या कौलांचं, थांब क्षणभर.*

बाबांनी अंगठा उचलला.

गाडीचा आवाज उतरत गेला. एवढ्या वर्षांत ती गाडी त्या रस्त्यावर अशी उभी राहिलेली आम्ही कधी पाहिलीच नव्हती. वर आकडे उतरत होते. समोर निळा पट्टा, आणि काठावर लाल ठिपके. ना पायरी, ना लाटा.

"लाल दिसतंय मला," बाबा आईच्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "थोडंसं. घर आहे का रे?"

"आहे," दादा म्हणाला.

"कोण राहतं?"

मी दादाकडे बघितलं. खोटं त्याला खपत नाही. शिकाऊ माणसाने इंडिकेटर न देता "दिला होता" म्हटलं तरी तो गाडी बाजूला घ्यायला लावतो. तो टीव्हीच्या अगदी जवळ सरकला, त्या ठिपक्यांना नाक लागेल इतका, आणि बराच वेळ बघत राहिला.

"एक बाई दिसते, बाबा," तो म्हणाला. "दाराशी बसलीय. मटार सोलतेय."

बाबांची हनुवटी तेवढी हलली. टेबलावर दादाचा फोन थरथरत होता, ग्रुपवर कोणीतरी काहीतरी तापून लिहीत असणार. तो उठला नाही.

"मग बघत काय बसलायस?" बाबा म्हणाले. "हॉर्न वाजव. कळू दे तिला."

हॉर्नचं बटण कुठलं तेच कोणाला आठवेना. दादाने बाबांच्या हातातला रिमोट घेतला आणि एकेक दाबत गेला. एकाने दिवे लागले, एकाने काच पुसली गेली. आकडे शून्याकडे चालले होते. शेवटी त्या अडकणाऱ्या बटणावर त्याने अंगठा रोवला आणि ते अडकलं. हॉर्न वाजला तो वाजतच राहिला, बारीक, चिरका, डासाएवढा, थांबायलाच तयार नाही.

"अरे, पुरे, पुरे!" मी कानांवर हात ठेवले. "शेजारी येतील!"

"वाजू दे," बाबा म्हणाले.

वेळ संपल्याची अक्षरं पडद्यावर आली, गाडी दिसेनाशी झाली, आणि मगच तो आवाज बंद पडला.

"संपली का वेळ?" बाबांनी विचारलं.

"संपली."

"पुन्हा लाव." त्यांनी मान तशीच खुर्चीकडे ठेवली होती. "आणि भिंगरे, तू पुलाशी लक्ष दे."