तेविसाव्या मजल्यावरचं जड दार

मित्रांनो, मी चौतीस मजल्यांची ऑफिसची इमारत आहे, आणि वय म्हणाल तर अवघं अकरा वर्षं. अंगभर निळी काच, डोक्यावर लाल दिवा. रस्त्याने जाणारे मान दुखेपर्यंत वर बघतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण आज ऐट नाही सांगायची. आज सांगायचंय ते कधीपासून छातीत अडकलंय, म्हणून भरभर सांगते, सांभाळून घ्या.

मी आधी कागदावर जन्मले. मला काढणारी आर्किटेक्ट बाई भारी हट्टी. मालक म्हणायचे, सहा लिफ्ट असताना दोन-दोन जिने कशाला, त्या जागेत केबिनी निघतील. ती म्हणायची, आग लागली की लिफ्ट बंद, मग माणसं काय उडत जाणार? आठ महिने नुसती खडाजंगी. शेवटी दुसरा जिना वाचला, पण बदल्यात तिला एक माघार घ्यावी लागली. ऑफिसं मोठी करायला बाथरूमं पहिल्या जिन्यापलीकडे ढकलली गेली. म्हणजे साधे हात धुवायचे तरी जिन्याचं दार ढकला.

आणि दार कसं? लोखंडी, जाडजूड, आपोआप मिटणारं. धूर अडवायला तसंच लागतं. पण लोक वैतागले. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘सासूबाई’, कारण ढकलल्याशिवाय हलत नाही आणि पाठ वळली की धाडकन बोलतं. मग दार उघडंच राहावं म्हणून कुणीतरी आग विझवायचा लाल सिलिंडरच त्याला टेकवून ठेवला. हळूहळू सगळ्या मजल्यांवर तेच.

फक्त जिने पुसणारी मावशी ऐकायची नाही. रोज सगळे मजले फिरून सिलिंडर काढायची, खुंटीला लावायची. मोठ्या साहेबालाही तिने सोडलं नाही. म्हणाली, घरी दार उघडं टाकता का, की इथेच हात दुखतात? तेव्हापासून साहेबसुद्धा गुपचूप दार ढकलायचे. मला ती फार आवडायची.

तिची लेक तेविसाव्या मजल्यावर कॉम्प्युटरवर बसायची, दाराजवळच्याच टेबलाशी. दुपारचा डबा दोघी जिन्यातच खायच्या. लेकीला सातवा महिना होता, सारखं बाथरूमला जावं लागायचं. एकदा दार ढकलताना ती पोट धरून मटकन खाली बसली. जिना पुसणारी मावशी फडकं टाकून धावली. तिने स्वतः सिलिंडर उचलला आणि दाराला लावला.

लेक म्हणाली, “आई, तूच सगळ्यांना ओरडतेस ना?”

“ते धडधाकट आहेत. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाळ झालं की काढते.”

मित्रांनो, मी बघत होते. मला तोंड असतं तर?

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, बाराव्या मजल्यावर विजेच्या खोलीत ठिणगी उडाली. तिथले वायरमन सामान नेत होते, त्यांनी जिन्याचं दार मिटू नये म्हणून त्यात वायरचं भेंडोळं घातलं होतं. धूर जिन्यात शिरला आणि जिन्याचं धुराडं झालं. वर जाताना त्याला एकेक दार बंद मिळत गेलं, ही मावशीचीच पुण्याई. तेविसावं मात्र उघडं होतं.

लेक सगळ्यांत आधी कोसळली. सोबतच्या लोकांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि दुसऱ्या जिन्याने तेवीस मजले खाली आणलं, खांदे बदलत, ठेचकाळत. मावशी खाली प्रत्येक चेहरा बघत उभी होती. तिला खुर्ची दिसली. ती रडलीसुद्धा नाही.

आग तासाभरात विझली. बाळ त्याच संध्याकाळी झालं, सात आठवडे आधी.

आठव्या दिवशी आर्किटेक्ट बाई आली. मावशी तिला वर घेऊन गेली. काळवंडलेल्या दारापाशी दोघी थांबल्या.

“दार मी अडवलं होतं,” मावशी म्हणाली.

“आणि रोज वीस वेळा त्यातून जायला मी लावलं,” बाई म्हणाली.

पण चौकशीच्या कागदावर हे दुसरं वाक्य आलंच नाही. तिथे लिहिलं, सफाई कामगाराचा निष्काळजीपणा. मावशीची नोकरी गेली. लेक सावरली, पण बाळ अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे, असं लिफ्टमध्ये बोलतात. कुणी म्हणतं वजन वाढतंय, कुणी म्हणतं श्वास अजून नळीनेच. एकेका बोलण्याला मी कान लावते, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडतं नि माणसं निघून जातात.

मागच्या आठवड्यात दारं बघायला एक मिस्त्री आला. तेविसाव्या मजल्यावरचं नवं दारही तितकंच जड. तो स्टुलावर चढला, दार आपोआप मिटवणाऱ्या वरच्या दांड्यातला एक स्क्रू त्याने पाऊण फेरा सैल केला. दोन मिनिटं लागली असतील. मग त्याने एका बोटाने दार ढकललं. ते अलगद उघडलं आणि अलगद मिटलं.

अकरा वर्षांत हे कुणी मागितलंच नव्हतं, मित्रांनो. उद्या तुम्ही माझ्यासारख्याच एखादीत काम कराल. तिचं काही जड वाटलं, अडलं, टोचलं, तर मुकाट्याने पाचर मारू नका. जाऊन सांगा, भांडा, मिस्त्रीला बोलवा. आम्हाला बोलता येत नाही हो. तुम्हाला येतं.