घड्याळवाल्यांचं कोपर

मुखवटा लावून दुपारी पेपर वाचत बसायचं, असा मशीनवाल्यांचा हुकूम होता. म्हणजे रात्री त्याची धास्ती वाटणार नाही. म्हणून ऑपरेटरबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. नाकातोंडावर मऊ रबराचा मुखवटा, डोक्याला पट्टे आणि शेजारच्या स्टुलावर डब्याएवढं मशीन. नळीतून वारा येत होता. कपाटाच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसल्याबरोबर गालाजवळून वारा फुर्रकन सुटला. आता हसायचीही सोय राहिली नाही म्हणायची!

डोक्यावरच्या पट्ट्याचं मात्र त्यांना नवल नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून काढली होती. बोर्डावर दिवा पेटला की "नंबर बोला" म्हणायचं, वायरची दोरी बोर्डाच्या भोकात खुपसायची आणि दोन अनोळखी माणसांची गाठ घालून द्यायची. लांबच्या फोनवर तीन मिनिटं झाली की मध्ये पडून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" कुणी रडत असलं तरी विचारायचंच. नोकरी संपून जमाना झाला, तो बोर्ड कधीच भंगारात गेला, पण इमारतीत त्या अजून ऑपरेटरबाईच होत्या. आणि एक्स्चेंजचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. ऑपरेटरने स्वतःहून फोन लावायचा नाही. दिवा पेटायची वाट पाहायची.

घरीही तेच. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या एकुलत्या एक लेकीला त्यांनी आजवर आपणहून फोन केला नव्हता. तिला लावावासा वाटेल तेव्हा ती लावेल, आपण आहोतच.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, सगळे त्याला घड्याळवाले म्हणत, आणि त्या "हे" म्हणत. तेव्हापासून बाईंना झोप पुरेनाशी झाली. दहा तास झोपलं तरी उठताना डोकं शिशासारखं जड. दुःख आहे, जाईल हळूहळू, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. मग एके दिवशी बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला आणि त्या तशाच कोसळल्या. लेक धावत आली, डॉक्टर झाले, आणि अंगभर वायरी चिकटवून एका रात्रीची झोप तपासली गेली. झोपेत तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो, असं निघालं.

"अडतीस? कुणी मोजले?" बाईंनी विचारलं.

"मशीननं," डॉक्टर म्हणाले. "असंच चाललं तर हृदय थकेल. रात्री मुखवटा लावून झोपावं लागेल."

मग मशीनवाले घरी आले. चाळिशीचा, हातात दोन पेट्या घेऊन जिने चढणारा, घामाघूम गृहस्थ. टेबलावर त्यांनी तीन मशीनं मांडली.

"हे बघा आजी..."

"आजी नका म्हणू. मला नातवंड नाही."

"बरं, काकू. हे पहिलं साधं, रात्रभर एकाच दाबानं वारा सोडतं. हे दुसरं हुशार, श्वास अडला की आपणहून दाब वाढवतं. आणि हे तिसरं, श्वास घेताना जास्त, सोडताना कमी."

पहिल्याशी बाईंचं दोन मिनिटांत बिनसलं. श्वास सोडायला गेलं की समोरून वारा छातीवर यायचा, चढावर उलट्या वाऱ्यात सायकल हाणावी तसा. दुसऱ्याची तीच गत. तिसरं लावलं आणि त्या जरा थबकल्या. हे थांबून घेत होतं. आधी त्यांचं ऐकायचं, मग आपलं म्हणायचं.

"याला बोलायची रीत आहे," त्या म्हणाल्या.

"महाग आहे, पण तुम्हाला हेच लागेल असं डॉक्टरही म्हणाले होते. महिनाभर वापरून बघा. फक्त एक, रोज किमान चार तास लावलं पाहिजे. नाहीतर महिन्यानं मला परत न्यावं लागेल. तुमच्यामागे यादीत माणसं थांबलीत."

मुखवट्याचेही नखरे कमी नव्हते. नाकपुड्यांत खुपसायचा होता तो गुदगुल्या करायचा. नुसता नाकावरचा होता, पण बाईंचं झोपेत तोंड उघडं पडायचं, सगळा वारा तिथून पसार. शेवटी नाकतोंड दोन्ही झाकणारा ठरला. सकाळी उठलं की गालावर त्याचे वळ, जणू रात्रभर कुणी मुसक्या बांधून ठेवलं होतं.

आता यातली मेख अशी, की मशीन रात्रीचा सगळा हिशोब आपणहून लेकीच्या मोबाइलवर पाठवायचं. चार तासांच्या वर झालं तर आकडा हिरवा, खाली गेलं तर लाल. पहिल्या आठवड्यात बाईंना जमेना, दोन तासांत त्या मुखवटा ओढून काढायच्या. रोज साडेआठला फोन वाजायचा.

"आई, लाल आहे! काय झालं? कुठं टोचतंय?"

मग टोचण्यावरून पाठदुखी, पाठदुखीवरून गादी, गादीवरून तिच्या ऑफिसातली ती भांडकुदळ बाई, असं पंधरा मिनिटं बोलणं चालायचं. दुसऱ्या आठवड्यात मुखवटा अंगवळणी पडला. बाई सलग पाच तास झोपल्या. उठल्या तर डोकं हलकं, खिडकीबाहेरच्या झाडाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. साडेआठ वाजले. नऊ वाजले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही.

एक्स्चेंजमध्ये हेच असायचं. लाइन नीट चालली की कुणी विचारत नाही, बिघडली की सगळं गाव चौकशीला येतं.

चौथ्या रात्री त्यांनी गजर लावला. दोन तासांनी तो वाजला, बाईंनी मुखवटा काढला, मशीन बंद केलं आणि कूस बदलली. सकाळी साडेआठला फोन आला. मग रोज रात्री गजर लागू लागला.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा मशीनवाले आले. बाईंनी चहा ठेवला. त्यांनी मोबाइलवरचा आलेख पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, त्रास होऊन काढलेला मुखवटा असा दिसत नाही. कधी तासानं निघतो, कधी तीन तासांनी. तुमचा रोज बरोबर दोन तासांनी निघतोय. घड्याळ लावल्यासारखा."

बाई साखर ढवळत राहिल्या. तेवढ्यात साडेआठ झाले आणि फोन वाजला. बाईंचा चेहरा असा काही उजळला, की मशीनवाल्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"अस्सं," ते हळूच म्हणाले. "लाल रंग मानवतोय म्हणा तुम्हाला." आणि कप घेऊन गॅलरीत निघून गेले.

आज लेकीचा आवाज चढलेला होता. "आई, पुरे झालं! परवा ते मशीन घेऊन जातील. मग काय करणार आहेस? आता बाबा नाहीत तुला कोपर मारायला!"

"कोपराचं काय मध्येच? माझं घोरणं सोसत नव्हतं त्यांना. चाळीस वर्षं ढोसलं मला. दुसऱ्या खोलीत जा म्हटलं तर जातही नव्हते."

पलीकडे शांतता. बाईंना शांततेतला फरक कळायचा. लाइन तुटलेली वेगळी, माणूस गप्प झालेलं वेगळं.

"घोरण्यासाठी नाही गं," लेक म्हणाली. "मी लहान असताना एकदा पाणी प्यायला उठले, तर बाबा पलंगावर बसलेले. तुझ्याकडे कान लावून. म्हणाले, आईचं घड्याळ मधेच थांबतं, जरा हलवलं की चालतं. आईला सांगू नकोस, घाबरून झोपायचीच नाही. मला तेव्हा गंमत वाटली. तुझा रिपोर्ट वाचला तेव्हा कळलं, ते काय करत होते."

बाई खाली बसल्या. दुकानात शंभर घड्याळांच्या टिकटिकीत ह्यांना डुलकी लागायची आणि त्यातलं एक बंद पडलं की दचकून जाग यायची, हे त्यांना ठाऊक होतं. रोज दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा घेऊन त्या दुकानात जायच्या, तर हे डोळ्याला भिंग तसंच लावून पेंगत असायचे. "रात्रभर कुठं दरोडे घालता का?" असं गिऱ्हाइकांदेखत विचारायच्या. हे नुसते हसायचे.

"आई? आहेस ना?"

"आहे."

गॅलरीतून मशीनवाले आत आले. "काकू, परवा काय करू?"

"परवा आकडे बघा," बाई म्हणाल्या, "आणि मग ठरवा."

त्या रात्री त्यांनी स्टूल पलंगाच्या पलीकडे, ह्यांच्या बाजूला नेलं आणि मशीन तिथं ठेवलं. वारा ओलसर राहावा म्हणून मशीनच्या टाकीत पाणी भरलं. पट्टे ना सैल, ना घट्ट. गजर लावला नाही. सवयीनं थोडी जागा सोडून निजल्या. वारा आला, थांबला, आला. कोपर काही लागलं नाही.

सकाळी मशीनवर साडेसहा तास दिसत होते. साडेआठ वाजले. पावणेनऊ झाले. बाई हात पुसून फोनपाशी गेल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी लेकीचा नंबर स्वतः लावला.

"आई! काय झालं? पडलीस?"

"काही झालं नाही. झोपले होते."

"हो, बघितलं मी. हिरवंगार!"

"म्हणून फोन नाही केलास."

"म्हणजे..." लेक थांबली. "आई, तू त्यासाठी...?"

"असू दे. मला एक सांग, तुझ्या शाळेच्या वाटेवर दुकान होतं. दुपारी ह्यांची झोप नीट व्हायची का गं?"

"कुठली! गिऱ्हाइकं असायची ना. मान खाली गेली की कुणीतरी काउंटर वाजवायचंच."

पलीकडे दारं वाजत होती, कुणीतरी लेकीला हाक मारत होतं.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "वाढवायचं का?"

लेक हसली, पण हसू ओलं होतं. "आई, आत्ता आत जावं लागेल गं. उद्या..."

"उद्या मीच लावीन."

पलीकडचा फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत बाईंनी आपला ठेवला नाही. मग मुखवटा साबणाच्या पाण्यात धुतला, पुसला. वाळत कुठं घालावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ह्यांचं भिंग ज्या खिळ्याला टांगलेलं असायचं, तो तीन वर्षं रिकामा होता. पट्टा त्याला अडकवून त्या चहा ठेवायला गेल्या. एक कप.