कानसेनांचे स्पीकर

"या स्पीकरमध्ये दमच नाही," वडील म्हणाले, तेव्हाच तिला कळलं की शनिवार बोटीवर जाणार.

स्पीकर बदलायची ही दुसरी खेप. बोट म्हणजे चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी मोटरबोट. वर कापडी छप्पर आणि पुढे वाकून शिरावं लागेल अशी केबिन. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर ती विकत घेतली, तेव्हा आई म्हणाली होती, "जन्मभर लोकांच्या नळाला पाणी सोडलंत, आता स्वतःलाच सोडताय पाण्यात." त्यावर वडील हसले होते. म्हणजे आई हसतेय हे पाहून हसले होते.

बोटीबरोबर आलेले स्पीकर पहिल्या वर्षीच त्यांना मिळमिळीत वाटले. मग दादाने मोठे आणून दिले. आता त्याहून मोठी जोडी, शिवाय एक अँप्लिफायर आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. गाण्यांनी सगळी वीज खाल्ली आणि भर पाण्यात इंजिन सुरू होईना, असं व्हायला नको म्हणून.

तिने पुठ्ठ्याचा साचा केबिनच्या बाहेरच्या बाजूला धरून पेन्सिलीने गोल आखला.

"आधी माप, मग करवत," वडील म्हणाले. "भोक मोठं करता येतं, लहान नाही करता येत."

"हे मला दुसरीत असल्यापासून सांगताय."

"मग काय! दुसरीतल्या पोरीला कळलं, तुझ्या दादाला अजून कळायचंय."

करवत फायबरमधून किरकिरत गेली आणि दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. वडील पाठमोरे बसून तारांची टोकं सोलत होते. त्यांचे हात अजून पक्के होते. सोललेली तार दोन बोटांत पिळून तिचा एकही केस बाहेर राहू द्यायचे नाहीत.

"कडेला कुठलं सिलिकॉन लावू? पांढरं की काळं?" तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. ती उठली, इंजिनच्या पेटीवरून पाय टाकून त्यांच्या समोर गेली आणि दोन्ही नळ्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी पांढऱ्या नळीकडे बोट केलं. ती परत जागेवर येऊन बसली. यात काही विशेष आहे असं तिला वाटलंही नाही. इतकी वर्षं ती असंच करत आली होती.

घरातल्या प्रत्येकाची आपापली युक्ती होती. आई जेवायला हाक मारायच्या ऐवजी त्यांच्या खोलीतला दिवा दोनदा मालवून लावायची आणि म्हणायची, "ओरडून माझा घसा का सुकवू?" दादा फोन करणं सोडून मेसेज पाठवायचा. टीव्हीवरचे लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, यावर चौघांचं एकमत होतं. फोनला रेंज नसायची. दाराची घंटा कंपनीनेच बोगस बनवलेली असायची. आणि स्पीकरमध्ये तर दम नसायचाच. जगातल्या झाडून सगळ्या वस्तू बिघडल्या होत्या, धडधाकट होते ते फक्त वडिलांचे कान.

कारण त्यांचं सगळं नाव त्या कानांवर होतं. रस्त्याखालची पाइपलाइन कुठे गळतेय हे शोधायला खात्यात पुढे यंत्रं आली. त्याआधी वडील होते. रहदारी थंडावली की ते लोखंडी कांब डांबरावर टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचे, चार पावलं पुढे, दोन मागे, आणि खडूने फुली मारायचे. मजूर खणायचे आणि बरोबर फुलीखाली पाणी लागायचं. खात्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते कानसेन. निरोपसमारंभात त्यांना तीच कांब चांदीचा मुलामा देऊन भेट मिळाली. ती बैठकीच्या खोलीत टांगलेली होती. तिच्याखाली बसून त्या माणसाला कोण सांगणार?

स्पीकर बसले. वडिलांनी बटण फिरवलं. एका जुन्या गायिकेचा आवाज धक्काभर घुमला. दोरखंडावर बसलेले पक्षी उडाले. वडिलांनी एक तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला, डोळे मिटले आणि बटण आणखी पुढे नेलं.

"आता कसं!" ते म्हणाले. "आता जिवंत वाटतं."

धक्क्यावरचा राखणदार दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "अहो कानसेन, बास की! मासे बहिरे होतील!"

"काय म्हणतोय?" वडिलांनी तिला विचारलं.

"आवाज छान आहे म्हणतोय."

वडिलांनी राखणदाराला हात केला. राखणदारानेही केला.

निघताना ते म्हणाले, "उद्या सकाळी एक फेरी मारून येतो. येतेस?"

"उद्या नको. पाठीचा पार पिट्ट्या पडलाय."

हे वाक्य ती त्यांच्या समोर उभी राहून, ओठ नीट हलवत बोलली. दुसरंही एक वाक्य त्या वेळी तिच्या जिभेपर्यंत आलं होतं. ते दरवेळी यायचं आणि दरवेळी परत जायचं. ती म्हणाली, "जपून जा." मग त्यांच्या भुवयांवरची फायबरची भुकटी तिने रुमालाने झटकली.

रविवारी सकाळी, बंदराच्या अलीकडच्या वळणावर, वाळूने भरलेल्या बार्जची धडक त्यांच्या बोटीला मागून बसली. पहाटेचं धुकं केव्हाच विरलं होतं. बोट बुडाली नाही, एका अंगाला फाटून वाहत गेली. वडील पाण्यात फेकले गेले. बार्जवाल्यांनी त्यांना वर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

भरलेली बार्ज जागच्या जागी थांबत नाही. तिच्या चालकाने जबानी दिली की त्याने लांबूनच भोंगा वाजवायला सुरुवात केली होती आणि धडक बसेपर्यंत दोरीवरचा हात काढला नव्हता. "त्यांचं गाणं आम्हाला वर ऐकू येत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, आता वळतील, मग वळतील. एकदाही मान वळवली नाही हो त्यांनी."

बंदर कार्यालयाने चौकशी संपेपर्यंत त्याला कामावरून दूर ठेवलं.

"खोटं बोलतोय मेला," आई म्हणाली. सुतकी घरात इतक्या ठाम आवाजात निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. "वाजवलाच नाही त्याने भोंगा. झोपला असेल. ह्यांच्या कानांना चुकवील असा भोंगा अजून व्हायचाय."

दादाने मान हलवली. भेटायला आलेले खात्यातले लोक तर पुढे सरसावले. कानसेनांना भोंगा ऐकू आला नाही? ज्याला डांबराखालचा थेंब ऐकू यायचा त्याला? आम्ही देतो जबानी. कुठे सही करायची ते सांगा.

तिने सगळ्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, वडिलांच्या खोलीच्या दाराशी थांबली आणि सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. दिवा एकदा लागला. तो मालवायच्या आधी आईने हात मागे घेतला आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता तरी बोलता आलं असतं. पण आई तिच्याकडे बघत नव्हती, त्या दिव्याकडेही बघत नव्हती.

काही दिवसांनी बोटीतलं सामान आणायला तीच गेली. बोट धक्क्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. मागची एक बाजू फाटलेली, केबिन मात्र कोरडी. नवे स्पीकर जागच्या जागी होते. पांढऱ्या सिलिकॉनवर वडिलांच्या अंगठ्याचा ठसा होता. सफाईने पुसायचं राहून गेलेलं तेवढंच.

राखणदाराने सामान काढायला मदत केली. "माणूस देवमाणूस," तो म्हणाला. "पण एक सांगू का ताई? त्या आवाजात कुणालाच भोंगा ऐकू आला नसता. तुम्ही, मी, कुणालाच. बार्जवाल्याचाही दोष नाही आणि कानसेनांचाही नाही."

तिने ते वाक्य घट्ट धरलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. कुणाचाच दोष नाही. गाणं मोठ्याने लागलं होतं. एवढं सांगितलं तर तो चालक सुटेल आणि बैठकीतली कांबही टांगलेली राहील. मग तिला वाटलं, खात्री करून घ्यावी. 'आधी माप, मग करवत' ऐकत वाढलेल्या माणसाला ही एक खोड असते, कुणी सांगितलं म्हणून सोडून देता येत नाही.

बॅटरी शाबूत होती. बटण वडिलांनी ठेवलं होतं तिथेच, शेवटाला टेकलेलं. ती त्यांच्या जागेवर बसली आणि सुरू केलं. आवाज छातीवर आदळला. दात शिवशिवले. चालकाच्या खुर्चीत बसून एवढं सहन करणं अशक्य होतं, तरी ती बसून राहिली, दोन्ही हात सुकाणूवर ठेवून, तोंड पुढे करून. गायिका एक कडवं संपवून दुसऱ्यात शिरली.

आणि त्या सगळ्याच्या वरून, पाठीमागच्या वळणावरून, भोंगा आला. दुसरीच कुठली तरी बार्ज, अजून लांब, दिसतही नव्हती. जाड, खर्जातला, पोटात उतरणारा आवाज. तिने नकळत मान वळवली. राखणदारानेही वळवली.

तिने बटण बंद केलं.

राखणदार चपलेने धक्क्यावरची वाळू सारत राहिला. "वारा इकडचा आहे आज," तो पुटपुटला. वारा पडलेला होता.

चौकशीच्या दिवशी बंदर कार्यालयातल्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते तिघं बसले, दुसऱ्या बाजूला बार्जचा चालक. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात मांडीखाली दाबून ठेवलेले. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. आत येताना त्याने आईला नमस्कार केला होता. आईने तोंड फिरवलं होतं.

चौकशी अधिकाऱ्याचा आवाज मऊ होता. "बाई, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. फक्त एक विचारायचं आहे. यजमानांना ऐकण्याचा काही त्रास होता का?"

"ह्यांना?" आई म्हणाली. "साहेब, त्यांच्या खात्यात जाऊन विचारा. कानसेन म्हणायचे त्यांना."

"हो, तशा जबान्या आल्यात. औषधोपचार, तपासणी वगैरे?"

"कशाला असेल? ठणठणीत होते." आईने पदर सारखा केला. "घरात टाचणी पडली तर विचारायचे, काय पडलं म्हणून."

दादा टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याने मान हलवली, हो म्हणून. आई खोटं बोलत नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं. टाचणीचं खरं होतं, फार जुनं, पण खरं. आई त्या वर्षांत राहायला गेली होती आणि तिथून परत येण्यासारखं इकडे काही उरलं नव्हतं. तिला तिथून ओढून काढायचं, तर नवरा दुसऱ्यांदा हिरावून घ्यावा लागणार होता. या वेळी तिच्या पोटच्या पोरीने.

चालकाने कुणाकडेच पाहिलं नाही. तो फक्त हळूच म्हणाला, "वाजवला होता साहेब. आता किती वेळा सांगू?"

अधिकारी तिच्याकडे वळला. "तुम्हाला काही सांगायचंय? आदल्या दिवशी तुम्ही बरोबर होतात ना?"

"तिला काय सांगायचं असणार," आई म्हणाली. "तिने तर राबून त्यांना स्पीकर बसवून दिले."

तिने आईचा हात हातात घेतला. तो गार होता. आईला वाटलं, पोरगी धीर देतेय. आईनेही तिचा हात दाबला.

"साहेब, ते खरं सांगताहेत. भोंगा वाजला असणार," ती म्हणाली. आईचा हात तिच्या मुठीत ताठ झाला, तरी तिने तो सोडला नाही. "माझे बाबा बहिरे झाले होते. कित्येक वर्षांपासून. आम्हाला तिघांनाही माहीत होतं, आणि आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही."