निळी बोटं

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर कचेरीची पाटी लागली, पण नळाला काही पाणी आलं नाही. टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. गल्लीतल्या बायका घागरी रांगेत मांडून गुरुबसप्पांच्या ओसरीवर सावलीला बसत. गुरुबसप्पा इंग्रजीचे निवृत्त मास्तर, बायकांपुढं मान वर न करणारे. पण बसल्या बसल्या यांना काही ऐकवा, असं त्यांच्या पत्नी शरणम्मांनीच सुचवलं, आणि पुस्तक हातात असलं की त्यांना जरा धीर यायचा.

नव्या ग्रंथालयातून त्यांनी आफ्रिकेतल्या एका लेखिकेची कादंबरी आणली होती. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगत जायचं. नायिका निळीत कापड रंगवून बाजारात विकणारी. नवरा खाणीवरून कित्येक वर्षांनी आलेला आणि लगेच परत निघालेला. जायच्या आदल्या रात्री ती दार लावून घेते. ते पान गुरुबसप्पांनी एकट्यानं पुन्हा पुन्हा वाचलं होतं. आपल्या वाचनातली अशी आपणहून पुढं होणारी बाई एक तर बिघडलेली असायची, नाही तर शेवटी विहीर जवळ करायची. ही मात्र पुढच्या पानावर खुशाल भाकऱ्या थापत होती. त्यांनी लेखिकेला मनोमन हात जोडले होते.

वाचायची वेळ आली तसं त्यांनी ते पान न वाचताच उलटलं.

"सकाळी तो नदीवर गेला, तर पाठीवर निळी बोटं उमटलेली. बाया हसल्या. तो काही खाणीवर गेला नाही."

शेजारच्या केवळाबाईंनी डोळे बारीक केले. "मास्तर, रातचं काय झालं? बोटं काय आपोआप उमटली?"

छपाई पुसट आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. शरणम्मा कैरीच्या फोडींना हळद चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्नात हळद दळताना आम्ही गाणी म्हणतो, तवा तुम्हा बाप्यांना बाहेर काढतो. तुम्ही लाजता म्हणून. आम्हाला काय नवं हाय? वाचा."

गुरुबसप्पांनी पान मागं घेतलं. कान तापले, आवाज कापू लागला.

"'तू गेलास तेव्हा नुसतं घर रिकामं झालं नाही,' ती म्हणते. 'माझं अंगही वाट बघत होतं. आज मी सांगेन तसं.'"

बाहेर टँकरचा भोंगा वाजला.

"वाजू दे," केवळाबाई म्हणाल्या. "घागरी उभ्या हायत की."

पान संपेपर्यंत कुणी उठलं नाही. मग सगळ्या पदर तोंडाला लावून हसत पळाल्या.

ओसरी मोकळी झाली. शरणम्मा मात्र तिथंच होत्या.

"ते पान परत वाचा. आता मी एकलीच हाय."

या खेपेला आवाज कापला नाही. वाचता वाचता शरणम्मा मागं येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात पाठीवर टेकला.

संध्याकाळी गुरुबसप्पा पुस्तकाची मुदत वाढवायला ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल हळूच म्हणाले, "सर, सदऱ्याला मागं हळद लागलीय. बोटं उमटलीत."

गुरुबसप्पांनी मान खाली घातली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "असू द्या."