गाळलेली ओळ

प्रयागबाईची सकाळची प्रार्थना म्हणजे हजेरीच असे. चूल पेटवायच्या आधी ती फरशीवर गुडघे टेकायची, मुलालाही ओढून शेजारी बसवायची, एक स्तोत्र वाचायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठायची. देवाशी लाडीगोडी तिला जमत नसे. जे म्हणायचं ते चढ्या आवाजात, भाजीवालीशी भाव करावा तसं. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "बाई, जरा नम्रपणे." ती म्हणाली, "त्याले ऐकू गेलं पाहिजे ना." पाळकसाहेब पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

सावनेरच्या अलीकडे कोळशाच्या खाणीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातली एक तिची. शेजारची बरीच घरं छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. प्रयागबाईच्या सासऱ्यानं त्याच्या कितीतरी आधी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळं या ओळीत ख्रिस्ती घर एवढं एकच. तिच्या प्रार्थनेचा आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता.

फक्त त्या प्रार्थनेला एक भोक होतं. रोजची भाकर मागून झाली की पुढं क्षमेची ओळ येते. आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तसं तूही आम्हाला कर, अशा अर्थाची. ती ओळ प्रयागबाई म्हणत नसे. भाकरीवरून तिची गाडी थेट पुढच्या ओळीवर जाई.

याला कारण आनंदराव. खाणीत तो सरदार होता, म्हणजे पाळीवरच्या माणसांचा मुकादम. प्रयागबाईचा नवरा शालिकराम एकदा त्याला म्हणाला, छत कडकडतंय, टेकू लावल्याशिवाय मी आत जात नाही. आनंदरावानं दम देऊन त्याला आत पाठवलं आणि छत त्याच्या अंगावर बसलं. पुढं चौकशीत याच आनंदरावानं सांगितलं, की मी नको म्हणत होतो, तो आपल्या मर्जीनं गेला. साहेबांनी माना डोलावल्या. मेलेला माणूस बेपर्वा ठरला आणि जिवंत माणूस पुन्हा कामावर गेला. त्या दिवसापासून ती ओळ प्रयागबाईच्या तोंडातून गेली ती गेलीच.

मुलगा रविंद्र तेव्हा लहान होता. तो प्रार्थना शिकला ती आईकडून, म्हणजे भोकासकट. पहिल्यांदा चर्चच्या रविवारच्या शाळेत बसला, तेव्हा सगळी पोरं भलतीच एक ओळ म्हणाली आणि हा एकटाच पुढं निघून गेला. पोरं हसली. घरी येऊन त्यानं विचारलं, तर आई म्हणाली, "आपल्या घरी ते म्हणत नाहीत." विषय संपला.

मोठा झाल्यावर रविंद्र त्याच खाणीत लागला. काम कोणतं, तर छताला लाकडी टेकू लावायचं. बापाला जो टेकू मिळाला नाही तोच लावायचं काम पोरानं धरलं. प्रयागबाई दोन दिवस जेवली नव्हती, पण त्यानं ऐकलं नाही.

एक्क्याऐंशी सालच्या थंडीतली सकाळ. मायलेक गुडघे टेकून बसले होते, स्तोत्र वाचून झालं होतं, तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला. पाळी बदलायची वेळ नव्हती. पाठोपाठ दारावर थाप बसली आणि रविंद्रच्या जोडीला काम करणारा ताराचंद धापा टाकत आत आला.

"रवी, पाच नंबरच्या गल्लीत छत बसलं. आनंदराव आत अडकला."

रविंद्रनं मान वर केली.

"जिता आहे. आवाज येऊन राहिला त्याचा," ताराचंद म्हणाला. "पण राहिलेलं छतही कडकडून राहिलं. टेकू लावत लावत जा लागते, अन् ती गल्ली तुह्याच हातची." मग त्यानं प्रयागबाईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही आला तरी कोणी तुले नाव ठेवणार नाही, गा. सगळ्याइले माहीत आहे."

प्रयागबाईच्या मनात पहिलं आलं ते हेच, की बरं झालं. कळू दे त्याला, छत डोक्यावर कडकडतं तेव्हा कसं वाटतं ते. मग भीती आली. एक माणूस त्या खाणीनं खाल्ला होता, दुसरा तिच्या शेजारी बसला होता. ती जाऊ नको म्हणाली असती तर चाळीतल्या एकानंही तिला भित्री म्हटलं नसतं. तिचा राग सगळ्यांना मान्य होता, त्याच्याआड भीती सहज लपली असती.

"माय, प्रार्थना राहिली," रविंद्र म्हणाला. प्रार्थना अर्धी टाकून उठायचं नाही हा नियम तिचाच होता. ताराचंद दारात चुळबुळत उभा राहिला.

दोघांनी सुरुवात केली. रोजची भाकर मागून झाली. प्रयागबाई सवयीनं पुढं गेली आणि तिला कळलं, की शेजारचा आवाज मागं राहिलाय. रविंद्र ती ओळ म्हणत होता. एकटा, सावकाश, एकही शब्द न गाळता. ती थांबली. तो पूर्ण करून उठला आणि बूट चढवू लागला.

"चर्चमध्ये मी म्हणतो, माय. लहानपणापासून," तो मान खाली घालूनच म्हणाला. "तुले कधी सांगितलं नाही."

ती जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तो गेला.

ऊन वर आलं तेव्हा खाणीच्या तोंडाशी सगळी वस्ती जमली होती. खालून कधी हातोड्याचे ठोके ऐकू येत, कधी काहीच नाही. काहीच नाही ते जास्त वाईट. प्रयागबाई एका बाजूला उभी होती. दुसऱ्या बाजूनं आनंदरावाची बायको जिजाबाई उठली आणि सरळ तिच्याकडं चालत आली. या दोघी शालिकराम गेल्यापासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"माहे सगळे देव करून झाले, प्रयागबाई," जिजाबाई म्हणाली. "तुमचा पोरगा आत आहे, माहा माणूस आत आहे. तुमची प्रार्थना सांगा मले. मी मागून म्हणते."

तिनं प्रयागबाईचा हात धरला. तो झटकून टाकावा असं प्रयागबाईला मनापासून वाटलं. पण खाली हातोडा पुन्हा वाजला, म्हणजे रविंद्र होता. ती बोलू लागली. नेहमीचा चढा आवाज काही लागेना. एक ओळ ती म्हणे, मागून जिजाबाई म्हणे. देवाचं नाव झालं, राज्य झालं, भाकर झाली.

आणि प्रयागबाई थांबली.

"पुढं?" जिजाबाई म्हणाली.

पुढं उडी मारता आली असती. या बाईला काय कळणार होतं? पण एका लेकराला तिनं भोक पाडलेली प्रार्थना शिकवली होती, आणि ते भोक त्यानं एकट्यानं, तिच्यापासून लपवून बुजवलं होतं. आता तो खाली होता. प्रयागबाईनं डोळे मिटले आणि ओळ म्हटली. सगळी.

जिजाबाई मागून म्हणू लागली आणि अर्ध्यावरच तिला रडू फुटलं. "त्यायनं खोटं सांगितलं होतं, वं. त्यायनंच पाठवलं होतं शालिकरामले. मले माहीत होतं."

प्रयागबाईनं हात सोडला नाही. तेवढ्यात खाली मोठा दणका झाला आणि खाणीच्या तोंडातून धूळ उसळली. बायका किंचाळल्या. त्या धुळीतून आधी स्ट्रेचर आलं. आनंदराव होता, पाय चेंगरलेला, पण जिवंत. जिजाबाई धावली. स्ट्रेचरमागून ताराचंद आला, मग आणखी एक जण. रविंद्र नव्हता. प्रयागबाई तिथंच उभी राहिली. तिला एक शब्द सुचेना, ना देवाशी भांडायला ना विनवायला.

सगळ्यात शेवटी तो आला, नखशिखांत काळा, खांद्यावर हातोडा घेऊन.

संध्याकाळी तो न्हाऊन चुलीपाशी बसला. प्रयागबाई भाकर थापत होती.

"ती ओळ म्हटली म्हणे तू," रविंद्र म्हणाला.

"म्हटली."

"मग? मन हलकं झालं?"

"कायचं हलकं! स्ट्रेचरवरून हात जोडून राहिला होता तो. त्याचं तोंड पाहिलं अन् पुन्हा पेटली मी." तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "भाकरीच्या शेजारी काहून ठेवली ती ओळ, ते आज समजलं मले. आजची आजच पुरते. उद्या पुन्हा म्हणा लागन."

तिनं भाकर उलटली.

"उद्या तू मोठ्यानं म्हणजो," ती म्हणाली. "मी अडखळली तर."