बंद पडलं तर सांग

बोटाला लावलेल्या, नाडी मोजायच्या चिमट्यात लाल आकडा आधी नुसताच थरथरला, मग अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, पुन्हा अठ्ठ्याहत्तर — आणि चिमट्याच्या फटीतून डोकावणारं ते पिवळट नख, वर्षानुवर्षं सुई टोचून कडेला काळा ठिपका पडलेलं. शिंपीकाकांचं बोट तिच्या हातात निश्चिंत पडून होतं. त्या निश्चिंतपणाचीच तिला अलीकडे भीती वाटायची.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर. छान आहे."

"आकडा छान असेल. मला काही आज आतून बरं वाटत नाहीये, पोरी. व्यायाम नको."

"यांना मंगळवारी कधी बरं वाटलंय?" खिडकीपाशी बसलेल्या आजी म्हणाल्या. हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे त्या अजूनही पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. "नाटकं आहेत सगळी! उठव त्यांना."

विरंगुळा केंद्रातल्या अकराही खुर्च्या हसल्या. काकासुद्धा हसले. ती मात्र वहीत आकडा लिहीत राहिली. आठ नीट गिरवला, पुन्हा गिरवला.

"तुम्ही बसून राहा, काका. नुसतं बघा."

"अगं, मी आपलं सहज म्हणालो..."

"तरी बसा."

व्यायामाआधी प्रत्येकाची नाडी बघायची हा नियम तिचाच. कॉलेजच्या खेळाडूंना समाजसेवेचे साठ तास सक्तीचे होते, तिचे एकशे चाळीस झाले होते, आणि केंद्राच्या बाई येईल त्याला सांगत, शिस्त बघावी तर या पोरीची. क्रीडा विभागाच्या सरांनी शिफारसपत्रात तेच लिहिलं होतं. ते पत्र, तिचा अर्ज आणि संघातल्या चिमणीचं पत्र असे तीन कागद आत्ता तिच्या सॅकमध्ये होते. पाचच्या आत ते सरांच्या टेबलावर पोचायचे होते. विद्यार्थी-प्रशिक्षक म्हणून निवड झाली की पुढच्या वर्षी नव्या सोळा मुली तिच्या हाताखाली. "फॉर्म भरणं म्हणजे निव्वळ उपचार, कॅप्टन," सर म्हणाले होते. "तू त्या पोरीचा जीव वाचवलास. आणखी काय हवंय निवड समितीला?"

खांदे वर... खाली. वर... खाली. तिचा आवाज आपला आपण मोजत होता.

रिले शर्यतीत चिमणी तिसऱ्या टप्प्यात धावायची, ती चौथ्या. शर्यतीच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी बांधता बांधता चिमणी म्हणाली होती, "ताई, छातीत धडधडतंय गं." आणि ती, आरशात बघून केस बांधत, तोंडात पिन धरून — "धडधडतंय ना? मग ठीक आहे. बंद पडलं तर सांग." काय हशा पिकला होता! सर्वांत जास्त चिमणीच हसली होती. मग उठून पळायला गेली.

हृदयाची झडप जन्मापासूनच सदोष होती, ट्रॅकवर कोसळलेल्या चिमणीला तपासून डॉक्टर म्हणाले. आज नाही तर उद्या हे होणारच होतं. छाती दाबत राहणारी, रुग्णवाहिका येईपर्यंत एकदाही न थांबलेली कॅप्टन शेजारी होती हे नशीब. चिमणीच्या आईनं तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले होते. ते तिनं लावू दिले होते.

आता चिमणी गावी असते, जिना सावकाश चढते. सरांनी मागितलं म्हणून तिनं पत्र पाठवलं, रेघांच्या कागदावर, गोल अक्षरात: 'काही झालं तर लगेच सांग, असं ताईंनी मला त्या दिवशी आधीच बजावलं होतं.'

हे वाक्य तिनं किती वेळा वाचलं असेल... चिमणी विसरली? की माफ केलं? की तेच वाक्य धुऊन, इस्त्री करून परत पाठवलं — घ्या ताई, तुमचं तुमच्यापाशी?

आणि चिमणीला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. चौथ्या खेळाडूनं हात मागे धरून उभं राहायचं, मागून 'हात!' अशी हाक आली की धावत सुटायचं, मागे बघायचं नाही. मागे बघितलं की वेळ जातो, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या दिवशी हाक आली नाही. पण त्याआधी ट्रॅकवर बॅटन पडल्याचा आवाज आला होता, अॅल्युमिनियमचा, पोकळ, घरंगळत जाणारा. सगळे म्हणतात, तुला मागचं कळणार कसं? — मला कळलं होतं. मी ऐकलं होतं आणि हात तसाच धरून उभी होते. चार सेकंद. बावळट, पाडलं वाटतं, एवढंच मनात आलं होतं.

"झालं का गं?" एक्स्चेंजच्या आजी ओरडल्या. "आमचे खांदे वरच राहिलेत कधीचे!"

काका सोडून दहाही जणांचे खांदे कानांपाशी अडकले होते. तिनं 'खाली' म्हटलंच नव्हतं.

शिंपीकाका, ज्यांना बसायला सांगितलं होतं ते, उठून जवळ आले. त्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला आणि माप घ्यावं तितक्या सहजपणे तिचं बोट धरून त्यावर लावला. आकडा थरथरला. सत्याण्णव... एकशे आठ... एकशे सतरा.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. सॅक खुर्चीला लटकत होती.

"अरेच्चा," काका हलकेच म्हणाले, "हे काय? काय होतंय, पोरी?"

हे कुणी विचारलं नव्हतं तिला. तिनंही चिमणीला नव्हतं विचारलं.

"धडधडतंय," ती म्हणाली.

आणि कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत राहिली. खोलीत कुणीच हसलं नाही. फक्त एकेक करून, सावकाश, सगळ्यांचे खांदे खाली आले. तिचं बोट काकांच्या हातात तसंच होतं, आणि आकडा चढत होता.