घरच्या झाडाची संत्री

सौंसरला संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला उभा, म्हणजे झाडावरच्या फळांपुरता, विकला, तरी एक झाड घरासाठी सोडायची रीत आहे. प्रेमलताबाईंनी यंदा त्या झाडाला कुणाला हात लावू दिला नाही. बंगळुरूहून चेतन आल्यावर तोडू, म्हणाल्या. मार्च निम्मा सरला, फळं गळायला लागली, आणि लेकाचा पत्ता नाही.

त्यांचा पाय मोडला तेव्हा सून सुचिता इथं आली, ती राहिलीच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलचा कोड ती घरूनच लिहायची. चेतनच्या ऑफिसला असं घरून काम मान्य नव्हतं.

रोज संध्याकाळी प्रेमलताबाई विचारत, "चेतन येऊन राहिला का वो?"

"नाही जमत म्हणतो, आई."

"आज विचारलं का त्याले?"

"विचारलं होतं ना मागे!" सुचिता चिडायची. चिडायची, कारण त्याच्यावाचून तिचाच जीव लागत नव्हता.

त्या दिवशी तिचा कोड अडकला. एक प्रोसेसर दुसऱ्याची वाट पाहत होता. दुसऱ्याचं काम झालं, की मेमरीतल्या शून्याचा एक होणार आणि मग हा पुढे जाणार. एक केव्हाच झाला होता, तरी हा आपला जागच्या जागी फिरतोय. दुपारभर डोकं खाजवल्यावर तिला कळलं. कोडचं भाषांतर करणारा कंपायलर अतिशहाणा निघाला. या फेऱ्यांत आकडा कुणी बदलत नाही ना, मग एकदाच वाचून जवळ ठेवू, असं त्यानं ठरवलं. बदलणारा दुसरीकडे बसलाय, हे त्याला कुठून दिसणार? प्रत्येक फेरीला मेमरीतूनच ताजं वाच, अशी तिनं कोडमध्ये सक्ती केली. गाडं सुटलं.

"चेतन येऊन राहिला का वो?" बाहेरून हाक आली.

ठरलेलं उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. ते दिवाळीत विचारलं तेव्हाचं होतं. तिनं फोन लावला.

"येतोस का रे?"

पलीकडून तो म्हणाला, "ऑफिसनं घरून कामाला संक्रांतीलाच हो म्हटलं. तू विचारशील म्हणून वाट पाहून राहिलो."

"मग सांगायचं ना, बावळटा!"

"मागे न विचारता आलो, तर म्हणालीस, कशाला धावत आलास, मी आहे ना."

म्हणाली होती खरी. तिला रडूच फुटलं. "ये रे," ती म्हणाली, "मला नाही करमत." उद्या पहिल्या गाडीनं निघतो, म्हणाला.

"आई, येतो म्हणतो!"

"आजच विचारलं ना?"

"आत्ताच."

प्रेमलताबाई काठी घेऊन तशाच बगीच्यात निघाल्या, मागून सुचिता. झाडाखाली संत्र्यांचा सडा पडला होता. शेंड्याला तेवढी दोन-चार उरली होती. सुचितानं फांदी वाकवायला हात वर केला.

"राहू दे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "त्याच्याच हातानं तोडू दे."